काळ्या खिडकीतून – भाग ५ : आठ अक्षरांचा कोड

गेल्या आठवड्यात आपण गिट बसवलं आणि पहिलं कमिटही केलं. आता ते गिटहबवर चढवायचं म्हटलं की टर्मिनल पासवर्ड मागतं आणि बरोबर पासवर्ड दिला तरी हाकलून लावतं. तुमचं काही चुकलेलं नसतं. १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटहब गिटच्या कामासाठी खात्याचा पासवर्ड घेतच नाही. यातून सुटायचा सोपा मार्ग म्हणजे गिटहबचंच ‘जीएच’ हे साधन.

मॅकवर होमब्रू असेल तर ‘ब्रू इन्स्टॉल जीएच’ एवढ्यावर भागतं. फेडोरावर डीएनएफ, उबुंटूवर एपीटी. मात्र उबुंटूच्या भांडारातली आवृत्ती बरेचदा शिळी असते, म्हणून गिटहबचं भांडार आधी जोडून घ्या. विंडोजवर विंगेट. तिथे सगळं सुरळीत पार पडतं आणि तरीही ‘जीएच’ लिहिल्यावर पॉवरशेल लाल अक्षरांत सांगतं, असं काही मला ओळखता येत नाही. (मी त्या दिवशी तीनदा पुन्हा इन्स्टॉल केलं होतं.) कमांड कुठल्या फोल्डरांत शोधायची त्याची यादी, म्हणजे पाथ, खिडकी उघडतानाच वाचून घेते, नंतर पडलेली भर तिच्या गावीही नसते. नुसता नवा टॅब पुरत नाही, नवी खिडकीच उघडा.

पुढचं सगळीकडे सारखंच. ‘जीएच ऑथ लॉगिन’ लिहा, एचटीटीपीएस निवडा, मग ब्राउझरचा पर्याय. टर्मिनलवर आठ अक्षरांचा कोड उमटतो, मधोमध आडवी रेघ. तो ब्राउझरमधल्या गिटहबच्या पानावर भरून परवानगी द्यायची. टीव्हीवर ओटीटी सुरू करताना मोबाइलवर कोड टाकतो ना, तीच ही तऱ्हा. २०१९मध्ये आरएफसी ८६२८ या नावाने तिचे नियम ठरले. इकडे जीएच दर काही सेकंदांनी गिटहबला विचारत बसतं, ‘झालं का? झालं का?’ होकार आला की त्याला टोकन, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारी किल्ली, मिळतं. पासवर्ड त्याच्या हाती लागतच नाही. पडदा नसलेल्या दूरच्या सर्व्हरवरही हे चालतं. कोड फोनवर भरला की झालं.

खरी मेख इथेच आहे. कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर कोड धाडून ‘एवढा टाका हो’ म्हणालं, तर पान अस्सल गिटहबचंच उघडेल, पण टोकन जाईल त्याच्या टर्मिनलमध्ये. आपण स्वतः मागितलेला नसेल तो कोड कुठेही भरू नका.

टोकन मॅकवर कीचेनमध्ये, विंडोजवर क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जातं. लिनक्सवर अशी तिजोरी सापडली नाही तर साध्या फाइलीत, उघड्या मजकुराच्या रूपात पडून राहतं. कॉलेजच्या लॅबमध्ये बसला असाल तर उठताना ‘जीएच ऑथ लॉगआउट’ कराच. त्याने त्या मशीनवरची नोंद पुसते, टोकन मात्र रद्द होत नाही. ते करायचं तर गिटहबच्या सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅप्लिकेशन्स’खाली जाऊन जीएचची परवानगी काढून घ्यावी लागते.