लोखंड अंगाला न लावण्याचं व्रत

नांदेडला होळी-दसऱ्याच्या सुमाराला गुरुद्वाऱ्याच्या रस्त्यावर उभं राहिलं, की एखादा निहंग शीख अगदी हाताच्या अंतरावरून जातो. गडद निळा अंगरखा, डोक्यावर उंच निळा दुमाला आणि त्या दुमाल्यावर चढवलेली पोलादी चक्रं. ऊन पडलं की डोळे दिपतात. कमरेला तलवार, मनगटात कडं, जेवायचं भांडंही लोखंडाचं. या शुद्ध लोखंडाला ते सर्बलोह म्हणतात. त्यांच्या लेखी तो नुसता धातू नाही, त्यात ईश्वराचं रूप आहे.

ती चक्रं बघताना मला दर वेळी त्यांच्या बरोबर उलट टोकाचा एक वीर आठवतो. तो पोलाद अंगाला लावूनच घेत नाही. त्याचं नाव ड्रुइड, आणि तो राहतो डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळात.

हा खेळ 1974 साली अमेरिकेत आला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट सांगतो, त्याला डंजन मास्टर म्हणतात. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात: कुणी लढवय्या, कुणी जादूगार, कुणी पुजारी. या प्रकारांना क्लास म्हणतात. वार लागला की हुकला, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. ड्रुइड म्हणजे रानाचा पुजारी. झाडं, वारा, पाऊस, जनावरं यांच्याकडून त्याला शक्ती मिळते. नांदेड जिल्ह्यात त्याला घर द्यायचं झालं, तर मी किनवट-माहूरच्या सागाच्या जंगलात देईन. खेळणाऱ्याला हा क्लास घेता येऊ लागला 1976 साली, ‘एल्ड्रिच विझर्ड्री’ या पुस्तिकेपासून. 1978 च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्येही नियम तोच होता: अंगावर चामडी चिलखत, हातात लाकडी ढाल, धातूचं चिलखत वर्ज्य.

हे व्रत किती महाग पडतं, ते मोजता येतं, आणि मला तर त्या मोजणीतच खरी गंमत वाटते. 2014 च्या नियमांचे आकडे घेऊ. लातूरच्या एखाद्या होस्टेलवर चार मित्र खेळायला बसलेत, असं समजा. त्यातल्या ड्रुइडने जाड कातड्याचं चिलखत घातलंय: त्याचे 12, चपळाईचे 2, लाकडी ढालीचे 2, बचावाचा आकडा एकूण 16. शेजारच्या पुजाऱ्याने पोलादी हाफ प्लेट घातलंय: 15, चपळाईचे तेच 2, ढालीचे 2, एकूण 19. समोरचा राक्षस फाशावर पडेल त्यात 5 मिळवतो; बेरीज बचावाच्या आकड्याइतकी किंवा जास्त झाली की वार बसतो. ड्रुइडला लागायला त्याला 11 किंवा जास्त पडायला हवेत, पुजाऱ्याला लागायला 14 किंवा जास्त. म्हणजे दर वीस वारांत ड्रुइडला 10 बसतात आणि पुजाऱ्याला 7. लोखंड नाकारल्याची किंमत वीस वारांमागे तीन जखमा. एका निष्ठेचा इतका चोख हिशेब दुसरीकडे कुठे मांडलेला मी पाहिलेला नाही.

पण मुळात लोखंडच का नको? कातडंही मेलेल्या जनावराचंच असतं. रानावर माया करणाऱ्याला ते चालतं आणि दगडातून काढलेला धातू चालत नाही, हे कसं?

याचं मूळ दोन हजार वर्षं मागे आहे. प्राचीन गॉलमधल्या, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागातल्या खऱ्या ड्रुइडांबद्दल रोमन लेखक प्लिनी याने लिहून ठेवलंय. ओकच्या झाडावर वाढलेलं बांडगूळ ते पांढऱ्या वस्त्रात, सोन्याच्या विळ्याने कापत. सेलागो नावाची आणखी एक वनस्पती होती. ती तोडताना लोखंड लावायचं नाही, पाय धुऊन अनवाणी जायचं, आणि उजवा हात डाव्या बाहीतून बाहेर काढून, चोरी केल्यासारखी ती खुडायची. चिलखताचा इथे काहीच संबंध नाही. रोमन सेनानी सीझर तर सांगतो की ड्रुइडांना लढाईला जाण्यातूनच सूट होती. म्हणजे पथ्य होतं ते रोपाला लोखंड न लावण्याचं. खेळाने लोखंडाचं पथ्य ड्रुइडाच्या अंगावर आणलं.

मराठी माणसाला यातलं काहीच परकं वाटू नये. सह्याद्रीतल्या देवरायांचा माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी अभ्यास केला, त्यावरचा त्यांचा गाजलेला लेख 1976 चा, म्हणजे खेळातला ड्रुइड आला त्याच वर्षाचा. कित्येक देवरायांत कुऱ्हाड लावणं तर सोडाच, वाळलेली काटकीही उचलायची नाही, असा दंडक होता. आणि कातडं चालतं, लोखंड चालत नाही, या कोड्याचं उत्तर मला ऋषिपंचमीच्या ताटात सापडलं. त्या दिवशी उपास करणारी बाई अन्न सोडत नाही, ती बैलाच्या कष्टाचं अन्न सोडते. नांगर न लावता उगवलेलं चालतं. प्रश्न जिन्नस कोणता याचा नसतो, तो कसा आला याचा असतो. ड्रुइडचंही तसंच. कातडं आणि लाकूड रान जसं देतं तसं जवळजवळ घेता येतं. धातू मात्र खणावा लागतो, भट्टीत वितळवावा लागतो, ऐरणीवर ठोकावा लागतो. त्याला नकोय ती भट्टी.

म्हणून 2014 च्या नियमातली शब्दयोजना मला फार आवडते. ड्रुइडला धातूचं चिलखत घालता येत नाही, असं तिथे म्हटलेलं नाही. तो घालत नाही, असं म्हटलंय. मग घातलंच तर काय होईल, असं खेळाडूंनी विचारून विचारून भंडावून सोडलं. खेळ बनवणाऱ्यांनी उत्तर दिलं ते शाकाहाराचं उदाहरण देऊन: शाकाहारी माणसाला मांस खाता येतंच, तो खात नाही. आपल्याकडे हे एका शब्दात सांगता येतं. ड्रुइड माळकरी आहे. गळ्यात तुळशीची माळ असलेल्या माणसाला मटण का चालत नाही, असं लातूरच्या कुठल्याही पंगतीत कुणी विचारत नाही.

आधीच्या एका आवृत्तीत मात्र व्रतभंगाला शिक्षा होती. 2003 च्या नियमांप्रमाणे ड्रुइडने पोलाद चढवलं तर ते अंगावर असेपर्यंत आणि उतरवल्यावर आणखी 24 तास त्याचे मंत्र चालत नसत. प्रायश्चित्तच ते.

आता तोल. या बंदीने ड्रुइड इतर क्लासांच्या बरोबरीला येतो, असं काहींना वाटतं. मला ते अजिबात पटत नाही. दुसऱ्याच पातळीला त्याला जनावराचं रूप घेता येतं. 2014 च्या नियमांत ‘मून’ शाखेचा ड्रुइड तपकिरी अस्वल झाला, की त्याला अस्वलाचे 34 प्राणगुण, म्हणजे मार झेलायचा साठा, मिळत असे. ते संपले की तो पुन्हा माणूस होई, स्वतःचे गुण घेऊन. अस्वल असताना बचावाचा आकडा अस्वलाचा, फक्त 11. अंगातलं चिलखत एक तर त्या रूपात विरून जाई किंवा गळून पडे. जिथे त्याची खरी ताकद होती, तिथे चिलखत कोणतं होतं याला अर्थच उरत नसे. 2003 च्या नियमांत तर अस्वल होऊनही मंत्र म्हणता येतील अशी सोय एका जादा कौशल्याने होत असे आणि सोबतीला एक इमानी जनावरही असे. लोखंड सोडूनही तो खेळातल्या सर्वांत बलाढ्य क्लासांपैकी एक ठरला. शिवाय धातू नाही म्हणजे बचाव कच्चा, हेही खरं नाही. आपल्याकडे गेंड्याच्या कातड्याच्या ढाली होत्या, आणि त्या तलवारीचा वार झेलत.

2024 च्या नव्या पुस्तकातून धातूची बंदी काढून टाकली. आता ड्रुइडला सुरुवातीलाच दोन वाटा असतात. वॉर्डन झालात तर मध्यम वजनाचं चिलखत मिळतं, पोलादी हाफ प्लेटसुद्धा. मॅजिशियन झालात तर एक मंत्र जास्त मिळतो. म्हणजे नकार देणं आता पूर्णपणे खेळाडूच्या हातात आलं. मी मॅजिशियनवर खूण करतो, कागदावर चामडी चिलखत आणि लाकडी ढाल लिहितो, आणि राक्षसाचा फासा पडायची वाट बघतो.