ताण आणि खचणे : कार्यालयप्रमुखाने ओळखावयाचा फरक

मार्चअखेर देयके कोषागारात पोहोचविण्यासाठी कार्यालयात धावपळ उडते. कर्मचारी चिडतात, कुरकुरतात, उशिरापर्यंत बसतात. पण एप्रिलात चार दिवसांची रजा मिळाली की पूर्ववत होतात. हा ताण होय.

खचणे निराळे. न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ साली ‘बर्नआउट’ या नावाने त्याचे वर्णन केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०१९ मध्ये स्वीकृत झालेल्या वर्गीकरणात तो आजार मानलेला नाही. कामाचा ताण दीर्घकाळ न आवरल्याने येणारी ती अवस्था आहे. शक्ती आटणे, कामाविषयी दुरावा वा कडवटपणा आणि कामगिरी घसरणे ही तिची लक्षणे.

कार्यालयप्रमुखाची फसगत येथेच होते. कुरकुर थांबली म्हणजे माणूस रुळला, असे त्यास वाटते. वस्तुतः अर्जदारासाठी वरिष्ठांशी वाद घालणारा लिपिक आता निमूटपणे त्रुटीचा शेरा मारून प्रकरण परत करीत असेल, तर त्याच्याशी एकांतात बोलावे. गोपनीय अहवालात ‘अनास्था’ एवढाच शेरा लिहिणे अर्थातच अधिक सोपे! रजेनंतरही तो तसाच राहिला, तर रिक्त पदांचा भार त्याच्यावर किती काळापासून आहे हे तपासून कामाची फेरवाटणी करावी. उदासीनता घरीही टिकून असल्यास वैद्यकीय सल्ला घेण्यास सुचवावे.