सूर्यास्तापूर्वी दोनशे किलोमीटर

कराडहून कोकणात उतरणारा रस्ता कोयनेच्या काठाने पाटणला येतो, पुढे कोयनानगर ओलांडतो आणि कुंभार्ली घाटाने चिपळूण गाठतो. व्यापारी कुटुंबांना हा मार्ग मालाच्या ने-आणीसाठी परिचित आहे. डोंगराळ भागातील दीर्घ पल्ल्याच्या सायकल उपक्रमांची तयारी करणाऱ्यास मात्र हाच मार्ग उत्तम शाळेसारखा आहे.

अशा उपक्रमांपैकी सर्वाधिक प्रचलित प्रकार म्हणजे फ्रान्समध्ये उगम पावलेले ‘ब्रेव्हे’. भारतात त्यांचे नियमन ‘ऑडॅक्स इंडिया’ करते. येथे क्रमांक काढले जात नाहीत. ठरलेले अंतर ठरलेल्या वेळेत, बाहेरच्या मदतीविना पार करायचे असते. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास अशी मर्यादा असते.

या क्षेत्रात महाराष्ट्राने मोठा लौकिक मिळविला आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यापर्यंत जाणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या संघाने पूर्ण केली. लष्करी सेवेतील लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांना २०१६ मध्ये हीच शर्यत अर्धवट सोडावी लागली होती. पुढच्याच वर्षी त्यांनी ती एकट्याने, बारा दिवसांच्या मर्यादेत पूर्ण केली. असे करणारे ते पहिले भारतीय ठरले. त्यांच्या पाठोपाठ त्याच वर्षी नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीही ती पूर्ण केली. चौघेही शिक्षणाने डॉक्टर. पेढी सांभाळून सराव कसा करावा, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी ही बाब ध्यानात घ्यावी.

जैन कुटुंबांत मात्र आणखी एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारला जातो: रात्रिभोजनत्याग किंवा चौविहार पाळणाऱ्याने या वाटेला जावे काय? उत्तर साध्या हिशेबात आहे. सकाळी सहाला निघणाऱ्याची दोनशे किलोमीटरची मुदत सायंकाळी साडेसातला संपते. त्यासाठी विश्रांतीसह ताशी सरासरी १४.८ किलोमीटर वेग पुरतो. परंतु हिवाळ्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे शेवटचा दीड तास अन्नपाण्याविना जाणार, आणि थकलेल्या देहाला तो अपायकारक ठरू शकतो. हेच अंतर बारा तासांत संपवायचे तर सरासरी १६.७ हवी. ताशी दोन किलोमीटरहूनही कमी असलेली ही वाढ, हेच व्रतस्थ सायकलस्वाराच्या सरावाचे खरे उद्दिष्ट होय. तीनशे व त्यापुढील अंतरांत रात्रीचा प्रवास अटळ असतो. तेथे नियम मोडायचा की अंतर सोडायचे, हा निर्णय नाव नोंदविण्यापूर्वीच घ्यावा. अंधारात, भुकेल्या पोटी घेऊ नये. दोनशेवर थांबण्यात कसलाही कमीपणा नाही.

सरावाची वाढ चक्रवाढ व्याजासारखी असावी. रविवारचा लांब पल्ला ४० किलोमीटरपासून सुरू करून दर आठवड्यास दहा टक्के वाढवावा आणि प्रत्येक चौथा आठवडा हलका ठेवावा. बारा वाढींनंतर, म्हणजे साधारण चार महिन्यांत, ४० चे १२५ किलोमीटर होतात. आठवड्यात आणखी दोन दिवस, दुकान उघडण्यापूर्वी, तासभर सायकल चालवावी. त्यांपैकी एक दिवस चढासाठी राखावा. चढावर धाप लागली तरी एखादे वाक्य बोलता येईल इतकाच जोर लावावा. बोलणे तुटले तर वेग कमी करावा. विश्रांतीचा दिवस बुडवू नये; थकवा हे कर्जच आहे आणि ते थकविले की वाढत जाते.

पाटणहून चिपळूण व परत हे अंतर सुमारे १२० किलोमीटर भरते. या मार्गाचे वैशिष्ट्य असे, की घाटाचा उतार जाताना लागतो आणि सहाशे मीटरहून अधिक उंचीचा चढ परतताना, कोकणच्या उकाड्यात व थकलेल्या पायांनी चढावा लागतो. ताकद राखून ठेवण्याचा धडा याहून चांगला कोठे मिळणार? उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नयेत. थांबून थांबून दाबावेत. वळणापूर्वीच वेग आवरावा आणि मालमोटारींना वाट द्यावी. पवनचक्क्यांच्या वनकुसवडे पठाराची उंची सुमारे ११५० मीटर आहे. पाटण परिसरातून तेथवरचा चढ आणि माथ्यावरचा समोरचा वारा ही दुसरी परीक्षा. पावसाळ्यात दरडी व निसरडे रस्ते असल्याने हे दोन्ही सराव दसऱ्यानंतर सुरू करणे श्रेयस्कर.

आहारात कंदमुळांची उणीव भासत नाही. परदेशी सायकलपटू उकडलेला बटाटा खातात. त्याऐवजी केळी, खजूर, राजगिऱ्याची वडी, चिक्की आणि खाकरा ही शिदोरी पुरेशी आहे. भूक लागण्याची वाट न पाहता दर अर्ध्या तासाने थोडे खावे. मीठ, साखर व लिंबू घातलेले पाणी घोटघोट घेत राहावे. उकळलेल्या पाण्याचा नियम असणाऱ्यांनी बाटल्या पुन्हा कोठे भरायच्या, हे सरावातच ठरवावे.

चाळिशी ओलांडलेल्यांनी प्रारंभापूर्वी हृदयाची तपासणी करून घ्यावी. शिरस्त्राण आणि पुढचा-मागचा दिवा यांना पर्याय नाही. घरच्यांना मार्ग व परतण्याची वेळ सांगून निघावे. छातीत दुखल्यास किंवा चक्कर आल्यास तेथेच थांबावे. गोकुळनाथांना एकदा शर्यत सोडावी लागली, म्हणून पुढच्या वर्षीचा मार्ग काही बंद झाला नाही.