देवघरातल्या तसबिरीतले तुकोबा

कार्तिक लागला म्हणजे वैनगंगेच्या काठची पहाट निराळीच होते. कोजागरीपासून देवळादेवळांत काकडा सुरू झालेला असतो. हलके धान कापून कडपा बांध्यांत पसरलेल्या असतात, भारी धान अद्याप दवाने वाकून उभे असते, आणि गावाच्या एका टोकाकडून टाळांचा आवाज धुक्यातून वाट काढीत येतो. भंडारा जिल्ह्यातून पंढरी शेकडो मैल दूर. दर कार्तिकीला चंद्रभागेचे स्नान घडावे असे भाग्य आमच्या झाडीतल्या फार थोड्या घरांना लाभले. धान घरी यायचे दिवस आणि विठ्ठलाचे बोलावणे नेमके एकाच वेळी येतात; तेव्हा बहुतेकांनी पंढरी मनात आणि देवघरातच पाहिली. त्या देवघरात विठोबा-रखुमाईच्या शेजारी तुकोबांची तसबीर असते. डोक्यावर पागोटे, कपाळी गंध, हाती वीणा, अर्धोन्मीलित नेत्र आणि मुखावर ते शांत, किंचित लाजरे हास्य. आमच्या घरी ती आजेसासूबाईंच्या काळापासून आहे. तिला गंध लावल्याखेरीज घरात चूल पेटली नाही.

दोन वर्षांपूर्वी घराची डागडुजी निघाली आणि तसबीर खाली उतरवली गेली. शिकलेल्या पुतण्याने ती निरखून पाहिली, हातातल्या मोबाइलवर काही शोधले आणि म्हणाला, "काकू, हे तुकाराम महाराज नव्हेत. हा नट आहे. विष्णुपंत पागनीस." घरात क्षणभर शांतता पसरली. त्याचे बोलणे खोटे नव्हते. तुकोबांच्या काळातले, त्यांना समोर बसवून काढलेले चित्र आपल्याजवळ नाही. आणि महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत आज जे तुकोबा पूजले जातात, त्यांच्या मुखावर १९३६ सालच्या एका चित्रपटाची छाया आहे. मग इतकी वर्षे आपण गंध कोणास लावले? कार्तिकीच्या निमित्ताने ही हकीकत वाचकांपुढे मांडावी असे आम्हांस वाटले, कारण हा प्रश्न केवळ आमच्या घरचा नाही.

देव आणि चित्रपट यांचे नाते आपल्याकडे पहिल्यापासूनचे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी ख्रिस्तचरित्राचा विलायती चित्रपट पाहिला आणि आपले राम-कृष्ण पडद्यावर केव्हा दिसतील या ध्यासाने ते झपाटले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. पुढे १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये अण्णा साळुंके या एकाच नटाने राम आणि सीता ही दोन्ही कामे केली. पडद्यावर प्रभू रामचंद्र आले की प्रेक्षक पादत्राणे काढून ठेवीत, असे सांगतात. १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये फाळक्यांची चिमुकली कन्या मंदाकिनी बाळकृष्ण झाली. तो सारा काळ मूकपटांचा. देव दिसू लागले होते. अजून बोलत नव्हते.

बोलू लागले ते 'प्रभात'च्या हातून. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात पाच भागीदारांनी ही कंपनी काढली. ६ फेब्रुवारी १९३२ रोजी तिचा 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट आला, आणि १९३३ मध्ये कंपनीने पुण्यास बिऱ्हाड हलविले. त्या भागीदारांत विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल अशी एक जोडी होती. दोघेही बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले, दोघेही मितभाषी, आणि दोघांची मैत्री अशी की एकाचे नाव घेतले की दुसऱ्याचे आपोआप जिभेवर यावे. 'संत तुकाराम', 'संत ज्ञानेश्वर' आणि 'संत सखू' या तिन्ही संतपटांवर दिग्दर्शक म्हणून ही नावे जोडीने आहेत. वारकरी पंथाचे वैभव पडद्यावर आणणाऱ्यांत एक फत्तेलाल होते, आणि 'संत ज्ञानेश्वर'मध्ये माउली झालेले शाहू मोडक हे ख्रिस्ती घरात जन्मलेले होते. आमच्या घरी हे प्रथम कळले तेव्हा कोणासच खटकले नाही. ज्या दिंडीत सगळेच एकमेकांच्या पाया पडतात, तिथे खटकावे तरी काय?

तुकोबांच्या भूमिकेसाठी पागनिसांचे नाव निघाले तेव्हा मात्र दिग्दर्शकांचे मन घेईना. पागनीस रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे गायक नट. त्यांच्या चालण्याबोलण्यात ते मार्दव उरलेले होते. देहूचा शेतकरी-वाणी त्यांत कसा दिसावा? शहाण्यासुरत्यांची ही शंका आमच्या भागातल्या माणसाला मुळी पडलीच नसती. झाडीपट्टीत दंडार आणि खडीगंमत पाहून मोठे झालेल्या प्रेक्षकाला पुरुषाने लुगडे नेसावे आणि दुसऱ्या रात्री त्याच गळ्यातून अभंग यावा, यात नवल कसले! शेवटी निवड झाली ती पागनिसांचीच, आणि जे वैगुण्य वाटत होते तेच भूषण ठरले. त्यांच्या तुकोबांत पौरुषाचा ताठा नाही. कोणी अंगावर धावून आले तरी ते आईसारखे पाहतात. चित्रीकरणाच्या काळात पागनीस देहूस जाऊन महाराजांपुढे नतमस्तक होऊन आले.

१२ डिसेंबर १९३६ रोजी मुंबईच्या सेंट्रल सिनेमात 'संत तुकाराम' लागला आणि सत्तावन्न आठवडे चालला. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. मराठीचा एक शब्द न जाणणाऱ्या पाश्चात्त्यांना त्यात काय भावले असेल हे त्यांचे त्यांस ठाऊक. आमच्यापुरते सांगायचे तर पागनीस त्या दिवसापासून पागनीस उरलेच नाहीत. लोक त्यांच्या पाया पडू लागले. त्या वेषातील त्यांची छायाचित्रे चौकटीत बसून देवघरात गेली. पुढे त्यांनी पडद्यावर तुलसीदास केले, १९४० मध्ये नरसी भगत केले. संताच्या वेषाबाहेरचे पागनीस लोकांना जणू नकोच होते. १९४३ साली ते निवर्तले. तुलना करू नये, पण एक आठवते: त्याआधी वर्षभर, १९३५ मध्ये, 'धर्मात्मा'त प्रत्यक्ष बालगंधर्व एकनाथ झाले होते. केवढा थोर कलावंत! तरी त्या एकनाथांची तसबीर आम्ही कोणाच्या देवघरात पाहिली नाही.

आता आमच्या झाडीकडे वळू. भंडारा तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात. आजचा गोंदिया जिल्हाही त्यातच, तो १९९९ मध्ये वेगळा झाला. पक्की चित्रपटगृहे शहराच्या ठिकाणी. खेड्यांत सिनेमा यायचा तो तंबूतून. भाऊबीज उलटली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, रात्रभर नाटके चालतात. अशाच एका मंडईत आम्ही लहानपणी 'संत तुकाराम' पाहिला. चित्रपट तोवर कितीतरी वर्षांचा जुना झालेला, फिल्मवर पावसासारख्या रेघा पडत होत्या, आणि बाहेर घरघरणाऱ्या इंजिनाच्या आवाजात निम्मे संवाद बुडत होते. एक रीळ संपले की अंधार. दुसरे चढेपर्यंत म्हाताऱ्यांनी तेवढ्यात एक अभंग उचलून धरावा. पडदा तंबूच्या मधोमध, पुरुष एका बाजूस आणि बायका दुसऱ्या बाजूस, त्यामुळे आम्हां पोरींनी जो तुकोबा पाहिला त्याची वीणा उलट्या हातात होती. आजीने पदराला फुले व अक्षता बांधून आणल्या होत्या. शेवटी विमान आले तेव्हा तिने त्या पडद्याच्या दिशेने टाकल्या. तिकडच्या बाजूलाही कोणी तरी टाकीत होते. कापडाच्या दोन्ही अंगांनी फुले पडली.

परंतु त्या रात्री बायकांची बाजू जिच्यासाठी हसली आणि रडली ती जिजाई. हे काम गौरी नावाच्या नटीने केले आहे. 'प्रभात'मध्ये किरकोळ कामे करीत वर आलेली ही बाई. नाटकी शिकवण नाही, आवाजाला घासून आणलेला गुळगुळीतपणा नाही. ती शेणामातीत हात घालते, म्हशीशी बोलते, नवऱ्यावर ओरडते, आणि ओरडता ओरडता त्याला जेवू घालते. आमच्याकडच्या रोवणीत दिवसभर कमरेतून वाकून, चिखलातले पाय तसेच घेऊन घरी येणाऱ्या बाईला ती परकी कशी वाटेल? मूल आजारी, घरात दाणा नाही, धनी देवळात. मग ती पोराला ओढत राउळात नेते आणि पायातली वहाण हाती घेऊन पांडुरंगालाच जाब विचारते. त्या क्षणी तंबूत आधी हशा उठला आणि मग एकाएकी कोणी हसेना. मागून एक म्हातारी एवढेच म्हणाली, "विचार माय, विचार." देवाशी भांडण्याचा हक्क ज्यांना घरी कोणी दिला नव्हता, त्यांना तो त्या रात्री पडद्यावर दिसला. तुकोबा वैकुंठास निघतात तेव्हाही ही बाई चुलीपाशीच असते. पागनिसांची तसबीर झाली, गौरीची झाली नाही. याची आम्हांला आजही थोडी चुटपुट लागते.

इतिहासाच्या कसोटीवर हा चित्रपट काटेकोर नाही, हेही सांगितले पाहिजे. सालोमालो जसा रंगविला आहे तो बराचसा कथालेखक शिवराम वाशीकरांच्या लेखणीचा. परंपरेत तुकोबांना छळणारे म्हणून नाव येते ते मंबाजीचे. गाथा इंद्रायणीत बुडते आणि तरते, शत्रूला देवळात जिकडेतिकडे शिवाजी महाराजच दिसू लागतात, हे सारे भाविकांच्या आख्यायिकांवरून घेतलेले. गंमत गीतांची. केशवराव भोळ्यांनी संगीत दिले. अभंग गाथेतलेच, पण 'आधी बीज एकले' ही रचना शांताराम आठवले यांची. ती इतकी तुकोबांच्या वळणाची उतरली की जाणत्यांनीदेखील ती गाथेत शोधली. आमच्या गावच्या भजनी मंडळात ती तुकोबांची म्हणूनच म्हटली जाते. एकदा आम्ही कर्त्याचे नाव सांगू पाहिले. मृदंगवाल्या आजोबांनी शांतपणे ऐकून घेतले आणि पुन्हा तीच रचना धरली.

असो. पुतण्याच्या प्रश्नावर घरात चार दिवस चर्चा झाली. एक पक्ष म्हणे, तसबीर दिवाणखान्यात लावा. उत्तम कलावंत म्हणून मान राहील, देवघरात मात्र नको. दुसरा म्हणे, मूर्तीसुद्धा कोणा मूर्तिकाराच्या हातचीच ना? आम्हांला दुसऱ्या पक्षाचे म्हणणे पटत होते, परंतु पहिल्याला खोडून काढता येत नव्हते. कारण नटाला देव मानण्याचा रोग या देशात किती पसरला आहे ते आपण पाहतोच, आणि त्याची सुरुवात कदाचित अशाच एखाद्या चौकटीपासून झाली असेल. फरक एवढाच दिसतो की पागनिसांनी स्वतःला पुढे केले नाही. ज्या घरांनी त्यांना पूजले त्यांतल्या बहुतेकांना त्यांचे नावही ठाऊक नव्हते. वाद वाढू लागला तेव्हा नव्वदीच्या घरातल्या सासूबाईंना विचारले. त्यांनी तसबीर मांडीवर घेतली, मोतीबिंदूच्या डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाल्या, "मले त तुकोबाच दिसते." पुतण्या हसला, पण त्यानेच मग नवा खिळा ठोकला.

तसबीर परत देवघरात लागली. काच मात्र बदलावी लागली, कारण जुनीला तडा गेला होता. त्या काचेवर नेमक्या कपाळाच्या जागी, तीन पिढ्यांच्या बोटांनी लावलेल्या गंधाचा एक पिवळसर डाग बसला आहे. पुष्कळ घासूनही तो निघाला नाही. काच फेकवेना. धानाच्या ढोलीमागे ती कापडात गुंडाळून उभी ठेवली आहे.