दिवाळखोरीची रांग आणि गिरणीकामगार

माझे वडील वऱ्हाडातील एका सूतगिरणीत कामाला होते. गिरणी बंद पडल्यावर काही वर्षांनी घरी सरकारी अवसायकाचे पत्र आले. पत्र इंग्रजीत होते. मी तेव्हा नववीत होतो. त्यातला ‘क्लेम’ हा शब्द मला वाचता आला, पण समजला नाही. वडिलांनी पत्र पेटीत जपून ठेवले. पुढे महाविद्यालयात असताना ते मी पुन्हा वाचले, तेव्हा मागणी नोंदविण्याची मुदत केव्हाच उलटून गेली होती. नोकरी गैरकारभाराने गेली. थकलेला पगार मात्र आमच्या अज्ञानाने बुडाला.

दिवाळे हे नशीब नव्हे. यंत्रांची झीज भरून काढण्याचा पैसा दुसरीकडे वळविणे, नातलगांच्या पेढ्यांकडून चढ्या भावाने कापूस घेऊन त्यांनाच पडत्या भावाने सूत विकणे, पगारातून कापलेला भविष्यनिर्वाह निधी न भरणे, या वाटांनी कोणतीही गिरणी पोखरता येते.

वऱ्हाडात कापूस दाराशी होता, तरी गिरण्या आजारी पडल्या. १९७४ च्या कायद्याने देशातील १०३ आजारी कापडगिरण्या सरकारने घेतल्या. अकोल्याची सावतराम व अचलपूरची विदर्भ मिल त्यांत होत्या. मालकी बदलली, आजार गेला नाही. १९९० नंतर राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या बहुतेक उपकंपन्या औद्योगिक व वित्तीय पुनर्रचना मंडळापुढे उभ्या राहिल्या. अचलपूरला महामंडळाने पुढे फिनले मिल उभारली. तीही मार्च २०२० च्या टाळेबंदीत थांबली.

कंपनी बुडाली की तिची मालमत्ता विकतात आणि देणेकरी रांगेत उभे राहतात. या रांगेत कामगार कोठे? १९५६ च्या कंपनी कायद्यात तारण घेतलेला सावकार आधी आपले तारण विकून मोकळा होई. उरलेल्यावर कामगाराने समाधान मानायचे. गिरणी बुडीत काढण्याच्या अर्जावर कामगारांनाही म्हणणे मांडण्याचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ च्या डिसेंबरात मान्य केले. १९८५ च्या दुरुस्तीने कामगार तारणधारकाच्या बरोबरीला आला. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेच्या कलम ५३ प्रमाणे प्रथम कारवाईचा खर्च, नंतर कामगारांचे २४ महिन्यांचे देणे व आपले तारण सोडून रांगेत आलेल्यांचे देणे बरोबरीने दिले जाते. भागधारक सर्वांत शेवटी. भविष्यनिर्वाह निधी व उपदान यांची रक्कम या विक्रीच्या पैशात धरता येत नाही.

परंतु हक्क आपोआप घरी चालत येत नाही. कारवाई सुरू झाल्यावर मागणीसाठी साधारण १४ दिवस, अवसायन सुरू झाल्यावर ३० दिवस मिळतात. सर्व कामगारांच्या वतीने एक प्रतिनिधी मागणी दाखल करू शकतो. सहकारी सूतगिरणीला ही संहिता लागू नाही; तेथे १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा आहे. त्याच्या कलम ८८ खाली चौकशी होऊन नुकसान संचालकांकडून वसूल करता येते. ही मागणी आपल्या मोर्चांत किती वेळा ऐकू येते?

मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना जास्त मजुरीच्या विणाईखात्यात मज्जाव होता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उभा केला. गिरणीतील ही उतरंड दिवाळखोरीच्या रांगेतही उतरते. मजुरी कमी, म्हणून देणेही कमी. आणि ठेकेदाराकडचा झाडूवाला, हमाल, बदली कामगार यांचे नावच हजेरीपटावर नसेल, तर त्यांनी आपले देणे सिद्ध कसे करायचे? यांत आपली माणसे किती, हे वेगळे सांगायला नको.

म्हणून अमरावती-अकोल्याच्या वस्त्यांतील कार्यकर्त्यांनी पगारपावत्या, ओळखपत्रे, निधीचे क्रमांक आजच गोळा करावेत. विद्यार्थ्यांनी घरी आलेला प्रत्येक सरकारी कागद मोठ्याने वाचून, समजावून सांगावा. शिकलेला मुलगा घरात असून कागद पेटीत पडून राहिला, हे माझ्या घरात घडले. ते दुसऱ्या घरात घडू नये.