संगणक सुरूच होत नाही!

बटण दाबले तरी संगणक ढिम्म! काय कराल? आधी त्याच सॉकेटवर टेबललॅम्प लावून पाहा. पुष्कळदा बिचाऱ्या यंत्राचा दोषच नसतो. पंखा फिरतो, पण पडदा काळा? म्हणजे वीज आत पोचते आहे. प्लग काढा, रॅमची पट्टी काढून पुन्हा घट्ट बसवा. सुरू होताना संगणक स्वतःचीच तपासणी करतो. १९८१ चा आयबीएम पीसीही करी. स्मृती सापडली नाही, तर तो तेथेच अडतो.

वीजपुरवठ्याची पेटी मात्र मुळीच उघडू नका. घरातील २३० व्होल्ट हे परिणामी मूल्य. लाटेचा माथा असतो २३० × १.४१४, म्हणजे सुमारे ३२५ व्होल्ट! पेटीतील धारित्र निदान तेवढ्या दाबाला भारित होते आणि प्लग काढल्यावरही तो भार काही काळ टिकतो. पेटी बिघडलीच असेल, तर सबंध बदलून घ्या.