भाताच्या वाटीत किती साखर?



पाड्यावरच्या शिबिरात मधुमेह निघालेल्या प्रत्येकाला मी वर्षानुवर्षे एकच सांगत आले, "साखर बंद करा." गेल्या खेपेस एका मावशींनी विचारले, "ताई, चहा बिनसाखरेचाच घेते. मग साखर उतरत का नाही?" मी निरुत्तर झाले. मावशी दोन्ही वेळा ताटभर भात जेवत होत्या.

उत्तर शोधताना डॉ. डेव्हिड अन्विन यांच्या कामाची माहिती मिळाली. ते इंग्लंडमधील साउथपोर्टचे फॅमिली डॉक्टर. पंचवीस वर्षांच्या सेवेत टाइप २ मधुमेहाचा एकही रुग्ण औषधांवाचून बरा राहिलेला त्यांनी पाहिला नव्हता. २०१२ मध्ये त्यांच्या एका रुग्ण स्त्रीने आहार बदलून साखर ताब्यात आणली आणि डॉक्टरांनाच जाब विचारला: पावाचीही पोटात साखरच होते, हे मला का सांगितले नाही?

तेव्हापासून ते रुग्णांना चमच्यांच्या हिशेबात समजावू लागले. १५० ग्रॅम शिजवलेला भात रक्तातली साखर सुमारे १० लहान चमचे साखरेइतकी वाढवतो. म्हणून पाव, भात, बटाटा कमी. पालेभाज्या, अंडी, मासे जास्त.

२०२३ मध्ये त्यांनी अशा १८६ रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. निम्म्या रुग्णांची साखर औषधांवाचून मधुमेहाच्या पातळीखाली आली. निदानाला वर्ष होण्याआधीच सुरुवात केलेल्यांत हे प्रमाण ७७ टक्के होते. मात्र हा मार्ग रुग्णांनी स्वतः निवडलेला होता. सर्वांना तेवढाच गुण येईल असे नाही. वजन पुन्हा वाढले तर आजारही परततो.

एक गोष्ट कृपया लक्षात ठेवा: इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय भात-भाकरी एकदम कमी करू नका. साखर धोकादायक खाली जाऊ शकते. गोळ्याही स्वतःहून बंद करू नका.

हे सारे मावशींना सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, "रेशनला तांदूळच मिळतो. पोट कशानं भरू?" प्रश्न खरा आहे. डॉक्टरांशी बोलून आम्ही ठरवले: भात एक वाटी, सोबत घट्ट डाळ, रानभाजी, जमेल तेव्हा अंडे किंवा सुकी मासळी.

आपण शिबिरासाठी शिधा पाठवता. यापुढे तांदूळ-साखरेऐवजी डाळ आणि कडधान्ये पाठवाल का?

आपली बहीण